आईचा राखीव अंगठा

माझी ताई जर्मनीत राहते, दाजींची नोकरी तिकडं आहे म्हणून, आणि मे महिन्यात तिला बाळ होणार होतं. पहिलंच. आईनं त्याच्या आधी तिथं पोचायचं, एवढी एकच गोष्ट आमच्या घरात चालू होती. मधात आडवा उभा होता तो व्हिसा.

नियम सगळे मीच वाचले, कारण इंग्रजी वाचणारी घरात मी एकटी. तीन महिन्यांच्या वर राहायचं न्हाई. विमा पायजे. दाजींचं निमंत्रणाचं पत्र पायजे. आणि आई परत येणार याचा पुरावा पायजे. पप्पा म्हणाले, "मी हाव की पुरावा. मला भाकरी कोण करून घालंल?" पप्पाला फाईलीत लावता येईना म्हणून त्यांचा सातबारा लावला.

मग कस्टमचं पान उघडलं. बाहेरून दूधदुभतं न्यायचं न्हाई, मटण न्यायचं न्हाई. मी वाचून दाखवलं तवा आई डिंकाच्या लाडवासाठी तूप कढवून राहिली होती.

"तूप बी न्हाई?"

"तूप बी न्हाई."

"मग तिथल्या बाळंतिणी खातात काय?"

हे काही त्या पानावर लिहिलेलं न्हवतं.

आणि सगळ्यात खाली होतं, अर्ज देताना बायोमेट्रिक द्यावं लागेल. मी मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यांनी आईच्या अंगठ्याकडं बघितलं. कारण बायोमेट्रिक म्हणलं की आमच्या डोळ्यापुढं एकच येतं, रेशनच्या मशीनवरचा अंगठा. आणि आईचा अंगठा त्या मशीनवर कधीच लागत न्हाई. कापूस वेचून, हळद काढून, भांडी घासून त्याच्यावरच्या रेषाच गेल्यात. दर महिन्याला ती अंगठा डोक्याला घासते, पदराला पुसते, फुंकते, आणि शेवटी पप्पा जाऊन धान्य आणतात. आता जर्मनीला पप्पाचा अंगठा कसा चालंल?

पुण्यातल्या व्हिसा केंद्राची तारीख चौदा दिवसांवर होती. ती हुकली तर पुढची थेट मेमधली, म्हणजे बाळ आईच्या आधी पोचणार. मी त्याच दिवशी फर्मान काढलं, उजव्या अंगठ्याला आजपासून कामबंद.

जे तूप जर्मनीला जाऊ शकत न्हवतं, ते अंगठ्याला लावलं. वर कापूस, वर पांढरी पट्टी. आई अंगठा वर धरून चार बोटांनी भाकरी थापायची. भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटकी. पप्पा म्हणायचे, "हा नकाशा कुठला?" हळद शिजवायचे दिवस, रानात माणसं कमी, तर आई तिथंही गेली, अंगठा वर करून. शेजारच्या काकूनं विचारलं, "काय लागलं गं अंगठ्याला?"

"लागलं न्हाई. जर्मनीला जायचंय त्याला."

आठव्या दिवशी मी तिला रेशन दुकानात घेऊन गेले, सराव म्हणून. दुकानवाले काका म्हणाले, "वहिनी, धान्य तर परवा नेलं की तुमच्या मालकानं."

"धान्य नको, निस्ता अंगठा लावू द्या."

काकांनी मशीन पुढं केलं. मी पट्टी सोडली. आणि मशीननं आईला ओळखलं. पहिल्या फटक्यात. काकांनी आमच्यापेक्षा जास्त आनंदानं ताईला कळवायला सांगितलं. मी ताईला तिथूनच व्हॉइस मेसेज टाकला, की झालं, आई येऊन राहिली.

ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो. आईनं पूर्ण रस्ताभर अंगठा मुठीत धरून ठेवला. केंद्रात काचेमागं एक मॅडम. माझ्याएवढीच असंल. आईनं ऐटीत पट्टी सोडली आणि अंगठा मशीनच्या काचेवर ठेवला.

"मावशी, अंगठा नंतर. आधी चार बोटं ठेवा. मग दुसऱ्या हाताची चार."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. आधार काढताना दहाही बोटं घेतली होती, हे मला बराबर तवाच आठवलं.

चार बोटं ठेवली. मशीनचा दिवा लाल. परत ठेवली. लाल.

"मावशी, काम काय करता?"

"शेती."

"हातांना थोडा आराम द्यायला पाहिजे होता."

"दिला की. अंगठ्याला चौदा दिवस."

मॅडम खाली वाकली, बहुतेक हसायला. मग उठून बाहेर आली, आईचे हात ओल्या कागदानं पुसले, स्वतःच्या पर्समधली क्रीम लावली, आणि आईच्या बोटांवर आपला पंजा ठेवून दाबलं. डावा हात आला. उजव्याची दोन बोटं आली, दोन शेवटपर्यंत आली न्हाईत. मी विचारलं, "आता परत तारीख का?"

"नाही. जेवढे ठसे आले तेवढे जातात. बाकीचं कारण लिहून पाठवते. शेतकाम करणाऱ्यांचं असं होतं."

आईला ते ऐकूच गेलं न्हाई. ती म्हणाली, "अंगठा घ्या की आता."

घेतला. एका फटक्यात हिरवा. "बघा," आई मॅडमला म्हणाली, जसं काही बाकीची बोटं दुसऱ्याच कुणाची होती.

एप्रिलच्या शेवटी पासपोर्ट आला, त्यात व्हिसा. आई बाळाच्या नऊ दिवस आधी पोचली. तिकडच्या विमानतळावर साहेबानं बोटं मागितली तवा तिनं दोन्ही हात एकदमच पुढं केले म्हणे. पोरगी झाली ताईला.

आता आई तिथं भांड्याच्या मशीनला हात लावू देत न्हाई कुणाला, सगळी भांडी स्वतः घासते. ताई ओरडते तर म्हणते, परत येताना ठसे लागत न्हाईत, धाकटीनं सांगितलंय. सांगितलं खरं मी. पण परतीच्या नियमांचं पान मी अजून वाचलेलं न्हाई.