गेटापर्यंतचं गाणं

मुदखेडात कुणाकडे काही चांगलं झालं, तर ते वैजनाथ मास्तरांना शेवटी दाखवायचं, अशी आमच्या गल्लीची वहिवाट आहे. जावई असो, नवी गाडी असो, आधी चार जणांकडून कौतुक पदरात पाडून घ्यायचं आणि मग अगदीच इलाज नसला तर मास्तरांच्या ओट्यापुढून न्यायचं. मास्तर खोटं बोलत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ते गप्पही बसत नाहीत. माझ्या घराच्या वास्तुशांतीला पोटभर जेवून, सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले, "घर बेस हाय. जिना तेवढा फक्त उतरायसाठी बांधल्यावानी दिसतो." चार वर्षं मी तो जिना चढतोय. रोज मास्तरांची आठवण येते.

मास्तर शाळेचे नव्हेत, बँडचे. नवरत्न ब्रास बँडमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी क्लॅरिनेट वाजवलं. लग्नसराईच्या आधी नवी गाणी बसवायची, तेव्हा मास्तरांची एक पद्धत होती. गाणं मनात घोळवत घरापासून रेल्वे गेटापर्यंत चालत जायचं आणि तिथून परत. वाटेत पाय अडखळला की गाणं बाद, मग ते गावभर कितीही गाजत असो.

"वरातीत गाणं पायानं ऐकतेत," ते सांगायचे. "माणसं लिहाज करतेत, मन राखायला नाचतेत. घोडीला लिहाज न्हाई. गाणं जमलं न्हाई की घोडी थांबती."

अर्धापूरच्या एका वरातीत घोडी खरंच थांबली होती. नवरदेव वर, मास्तर खाली, आणि दोघांच्या मध्ये घोडीचं स्पष्ट मत. ते गाणं मास्तरांनी पुन्हा कधी वाजवलं नाही.

पुढे डीजे आला. मास्तरांनी लाल कोट डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्यांना नावं ठेवायला सुरुवात केली. "हा डायवर नवा हाय," म्हणायचे. माणूस सुखात होता.

त्यांची नात सृष्टी नांदेडला कॉम्प्युटर शिकते, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. तिला मोबाइलवरच्या खेळांचं वेड आणि त्यातही त्या खेळांत मागे वाजणाऱ्या संगीताचं. एका खेळात एक माणूस कंदील घेऊन बर्फातून चालत असतो. त्याच्या चालण्याबरोबर एक धून वाजते. त्या धुनेची आपापली नवी रूपं जगभरचे चाहते करतात आणि दरवर्षी त्यांतली दहा निवडून चाहत्यांचाच एक गट त्यांचा संच काढतो. सृष्टीनंही एक केलं होतं. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं. मैत्रिणींनी ऐकलं न ऐकलं तोच लाल बदामांचा पाऊस पाडला होता, आणि त्यामुळेच ती बेजार झाली होती.

"सगळ्या छानच म्हणून राहिल्यात," ती आईला म्हणाली. "खरं कोण सांगंल?"

"घरात हाय की एक," उज्वलावहिनी भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "पण मग रडायचं न्हाई."

शनिवारी सकाळी सृष्टी फोन घेऊन ओट्यावर गेली. मी पेपर मागायला गेलो होतो, तो तिथेच टेकलो. "आबा, हे ऐका. तुम्ही हां म्हणलात तरच पाठवते. न्हाईतर न्हाई."

मास्तरांनी ऐकायच्या आधी चौकशी केली. कशाचं गाणं, कोण चालतोय, येवढ्या बर्फात कुठं निघालाय?

"बहिणीला शोधायला."

"फोन न्हाई का बहिणीकडं?"

"आबा, जुन्या काळातला खेळ हाय."

"मग ठीक." मास्तरांनी फोन खिशात टाकला, इयरफोनचं ते बोंडूक कानात घातलं, वहाणा सरकवल्या आणि निघाले. गेटापर्यंत काही ते पोचले नाहीत. पिठाच्या गिरणीपाशीच थांबले, तिथूनच मान हलवली आणि परत आले. सृष्टीचा चेहरा घोडीनं पाडलेल्या नवरदेवासारखा झाला.

"हे बघ," मास्तर बसले. "तो गडी एकटा हाय. मागं बहीण न्हाई, पुढं वाट न्हाई. आन् तू त्याच्यामागं अख्खी वरात लावलीस! हलगी काय, ढोल काय. एवढी माणसं सोबतीला असल्यावर कंदील कशाला पाहिजे त्याला? आन् मधी हा क्लॅरिनेटवाला कोण हाय? श्वास चोरतोय बेणं. सूर पुरता व्हायच्या आधी सोडून देतोय. असल्याला मी बँडमध्ये झांजा सुद्धा दिल्या नसत्या."

सृष्टी खाली बघत होती. माझी खात्री झाली की आता ही रडणार. पण ती हसू दाबत होती.

"आबा, तुम्हीच हाव ते. देगलूरच्या चुलत आत्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, त्यातनं घेतलं."

आत भाजी चिरायची थांबली. मास्तरांनी ते बोंडूक पुन्हा कानात घातलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं.

"मीच हाय," ते म्हणाले. "मग तर काढच. त्या दिवशी चार वराती झाल्या होत्या, ही पाचवी." मग विचारलं, "हलगी-ढोल पण माझ्यासाठीच घातलास का?"

"हाव. म्हणलं, आपला बँड त्यात असावा."

"येडी हायस. बँड हाय म्हणून सगळीकडं नेत असतेत का? माझं मन राखायला त्या गड्याची वाट बिघडवलीस." आवाज कडक होता, पण हात तिच्या डोक्यावर होता. मी पेपरात तोंड घातलं.

दुपारी ट्रंक उघडली गेली. गल्लीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. कोट निघाला नाही, क्लॅरिनेट निघालं. मध्यंतरी मास्तरांनी कवळी बसवून घेतली होती, आणि कवळीला क्लॅरिनेटची ओळख नव्हती. पहिल्या फुंकीला जे काही बाहेर पडलं ते ऐकून उज्वलावहिनी म्हणाल्या, "मामा, कुकर लावू का, शिट्टी तरी सुरात ऐकू येईल." मास्तरांनी कवळी काढून वाटीत ठेवली, सुनेकडे रागानं पाहिलं, आणि रीत सोडून नुसत्या ओठांनी वाजवू लागले.

गाड्यांचा आवाज येऊ नये म्हणून सृष्टीनं त्यांच्या डोक्यावरून गोधडी टाकली. आत आजोबा, फोन आणि क्लॅरिनेट. त्या गोधडीतून एकच ओळ आली, सावकाश. शेवटचा सूर त्यांनी पुरता जाऊ दिला. गोधडी काढली तेव्हा मास्तर घामानं चिंब होते आणि चेहरा असा, की यांनी नुकताच कुणावर तरी डाव साधलाय.

रविवारी साडेपाचपर्यंत सृष्टीनं हलगी, ढोल सगळं काढून टाकलं होतं. पावलांसारखा एक ठोका ठेवला आणि मध्ये आबांची ती एक ओळ. "चला आबा, अर्धाच तास राहिला."

उज्वलावहिनींचा फोन खिशात आणि बोंडूक कानात घालून मास्तर निघाले. मागे वीस पावलांवर सृष्टी आणि तिच्यामागे, पेपर परत करायच्या निमित्तानं, मी. पिठाची गिरणी आली. मास्तर थांबले नाहीत. सलूनवाल्यानं रामराम केला, त्यांनी घेतला नाही. गेट आलं. इथून मागे फिरायचं, बत्तीस वर्षांचा रिवाज होता. मास्तर रूळ ओलांडून पलीकडे गेले आणि गेट पडलं.

मालगाडी आली. मुदखेडातल्या मालगाडीला शेवट असतो, यावर आमचा नुसता विश्वास आहे. डबा, डबा, डबा. सृष्टी टाचा उंचावून दोन डब्यांच्या फटींतून पलीकडे बघत होती. सहाला दहा कमी. सहाला सात कमी. शेवटचा डबा गेला आणि पलीकडे मास्तर नव्हते. लांब, उसाच्या ट्रॅक्टरमागे, त्यांची पांढरी टोपी एका लयीत चालली होती.

सृष्टी हसली आणि तिथेच, गेटाच्या दांड्याला टेकून, तिनं फोनवर बोट दाबलं.

आम्ही ओट्यावर येऊन बसलो, आणि सव्वासहाला मास्तर एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून परत आले.

"आबा, कुठं गेला होता?"

"काय की. पुलापाशी ध्यानात आलं, गेट मागंच राहिलं." कानातलं काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. "पण त्या क्लॅरिनेटवाल्याला सांग, सुरुवातीला जरा घाई करतोय."

"आता गेलं की पाठवून!"

"गेलं का?" मास्तर ओट्यावर टेकले आणि त्यांनी वहाणा काढल्या. "जाऊ दे मग. घोडी तर चालली."