'बरोबर' म्हणायला लावलेला उशीर

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी नागपूरच्या विमानतळावर बिनतारी यंत्रावर नोकरीला होतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही, तो समोरच्या काट्यांवर विसंबून उडतो. किती उंचीवर राहायचं, कधी उतरायचं, हे आम्ही खालून सांगायचं. ती परवानगी त्यानं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायची आणि मग आम्ही 'बरोबर' म्हणायचं. त्या 'बरोबर'शिवाय त्यानं उंची सोडायची नाही, असा आमच्याकडे नियम होता.

एक तरुण वैमानिक होता. आमच्या घरी हातमाग, माझं इंग्रजी महाल या जुन्या वस्तीतल्या शाळेतलं. चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मीही हसलो.

श्रावणातल्या एका दुपारी तोच ढगात अडकला आणि उतरायची परवानगी मागू लागला. मी दिली. त्यानं ती बिनचूक परत म्हटली.

"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा म्हटली. मीही पुन्हा 'ऐकू आलं नाही' असंच सांगितलं. शेजारी बसलेला माझा जोडीदार सगळं ऐकत होता.

"काहून छळून राहिला गा त्याले? बरोबर तर म्हणून राहिला तो!"

"चूप बस न गा तू."

तिसऱ्या वेळी त्याची ऐट पार गेली होती. एकेक शब्द सुटा करून, थेट माझ्यासारखं इंग्रजी बोलत होता तो. शेवटी म्हणाला, "सर." आणि त्याचा रेडिओ बंद पडला.

मग मी 'बरोबर, उतरा' असं घसा फोडून ओरडत बसलो. उत्तर नाही. विमानाची घरघर मात्र आमच्या डोक्यावर फिरत होती. नियम पाळणारा पोरगा, माझ्या 'बरोबर'ची वाट पाहत घिरट्या घालत राहिला. पेट्रोल संपत आलं तेव्हा अंदाजानं खाली आला आणि हिंगण्याकडच्या टेकडीवर आदळून मेला. मी पहिल्यांदाच 'बरोबर' म्हटलं असतं, तर रेडिओ चालू असतानाच तो ढगाखाली आला असता.

चौकशीत मी सांगितलं, आवाज अस्पष्ट होता. जोडीदारानं मान डोलावली. त्याला चार मुली होत्या आणि नोकरी एकच. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता माह्यासंग बोलू नको गा."

मला शिक्षा झाली नाही. पस्तावा झाला, अजून होतो. पण खरं सांगायचं तर, त्याचं ते 'सर' आठवलं की आधी मला बरं वाटतं. पस्तावा त्यानंतर येतो.