धूर वरच जातो

आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही करण्यापुरतीही लेखणी धरली नाही. तेव्हा एका माणसाचे चित्र काढायला बसणे हा माझा आगाऊपणाच आहे. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्याबद्दल मला आदर नाही. वाचकांनी दोन्हींबद्दल क्षमा करावी.

सोलापूरच्या एका गिरणीत ते ब्लीच खात्याचे मास्तर होते. समोर काही आले की आधी बोटातली घोड्याच्या नालाची अंगठी त्यावर आपटायचे. नळ, पिंप, टेबल, एकदा तर माझ्या हातातले पुस्तक. "वाजतं ते खरं," म्हणायचे. असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. जे वाजत नाही ते त्यांच्या लेखी नसतेच.

मूळचे ते बॉयलरवरचे फिटर. यंत्रावर त्यांचा जीव होता, हे मी नाकारत नाही. एकदा अवकाळी पावसात छप्पर गळू लागले, तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून यंत्राच्या विजेच्या मोटारीवर घातला आणि स्वतः भिजत उभे राहिले. तो कोट त्यांनी कधी माणसावर घातल्याचे मात्र कोणी सांगितले नाही.

माझे वडील करमाळ्याकडून येऊन त्यांच्या हाताखाली हौदावर लागले होते. ब्लीच पावडरीच्या पाण्यातून निघालेले कापड आम्लाच्या पाण्यात बुडवायचे. त्या वेळी हिरवट पिवळा वायू सुटतो, तो क्लोरीन. वडील दिवसभर हौदाशी उकिडवे बसत आणि भाकरीही तिथेच खात. घरी आले की खोकत खोकत भिंतीला टेकत.

कामगारांनी गाऱ्हाणे केले तेव्हा मास्तरांनी छपराला झरोके पाडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवले. "धूर वरच जातो." बॉयलरवर शिकलेले सारे शास्त्र एवढ्यात संपत होते. त्यांचे टेबल उंच चौथऱ्यावर असे. तिथे खरोखरच वास येत नसे.

पुण्याच्या कॉलेजात मी मूलद्रव्यांचा तक्ता शिकलो. अधातूंना बहुधा चकाकी नसते, नाद नसतो. पण त्यांतला हा क्लोरीन हवेपेक्षा कितीतरी जड, तळाशी साचणारा आणि ओल्या कापडाचा रंग खाणारा. सुट्टीत भीत भीत मास्तरांना म्हणालो की भोके भिंतीत, जमिनीलगत हवीत.

"काय रे कॉलेज, वाऱ्याला वजन असतं होय?" ते म्हणाले. "मग तराजूत घालून आण."

मी एका लाल फडक्याचे दोन तुकडे भिजवले. एक हौदापाशी टाकला, दुसरा त्यांच्या टेबलाला बांधला. दुपारपर्यंत खालचा पांढरा पडला, वरचा लालच राहिला. दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी दोन्हींवर अंगठी आपटून पाहिली.

"हलका रंग होता."

"एकाच फडक्याचे तुकडे आहेत, मास्तर."

"तुझा बाप इतकी वर्षं बसतोय तिथं. तो झाला का गोरा?"

सारे खाते हसले. वडीलही हसले. हसता हसता त्यांना उबळ आली आणि ती थांबेना. मास्तर टेबलाकडे वळले होते.

तक्त्यात धातू आणि अधातू यांच्या मधल्या जातीची काही मूलद्रव्ये आहेत. दिसायला धातूसारखी चकचकीत, पण हातोडा बसला की भुगा. मी मनात मास्तरांना तिथे नेऊन बसवले. याहून अधिक काही मला करता आले नाही.

घरी वडील म्हणाले, "तू जा बाबा पुण्याला. तुजं शास्तर खरं असंल. पर हौदावर मला बसायचं हाय."

पुढे कित्येक महिन्यांनी आमच्या चाळीतला, वडिलांच्याच खात्यातला एक जण पुण्याला आला. त्याने सांगितले की जमिनीलगत भोके पाडली आणि वडिलांचा खोकला निम्म्यावर आला. मला वाटले, अखेर ते फडके मास्तरांना पटले.

"फडकं कुटलं?" तो म्हणाला. "हौदापाशी नवा पितळी पंप बसिवला व्हता. त्यो हिरवा पडला, आतनं समदा खाल्ला. मास्तर पंपाम्होरं बसून रडलं की. दुसऱ्या दिशी गवंडी हजर."

मास्तर आता बार्शीच्या गिरणीत गेले होते. निरोपाला हार कोणी घातला, हे त्याने मी न विचारताच सांगितले.

"तुज्या बानं. पाया पडला, अन् म्हनला, मास्तर, आमच्यासाठी तुमी लई केलं."