हनुवटीखालचा एकच ठिपका

माझ्या हनुवटीखाली सुपारीएवढी गाठ होती. आत्याने देवळाली कॅम्पचं स्थळ आणलं आणि साखरपुड्याआधी गाठ काढायची, हेही तिनेच ठरवलं. सगळ्या भाऊबंदांत लग्नं जमवणारी तीच, त्यामुळे तिच्यापुढे कुणी बोलत नसे. सर्जनने आधी गळ्याची सोनोग्राफी सांगितली. आत्या मला घेऊन गेली खरी, पण बाकड्यांवर ओळीने बसलेल्या गरोदर बायका बघून दारातूनच मागे फिरली.

"लग्नाची पोरगी हितं बसलेली कुणी पाह्यली तर लय बोंब व्हईल," म्हणाली. सर्जनला मात्र बिनदिक्कत सांगितलं, केली, सगळं नॉर्मल आहे. मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले. त्याबद्दल मला स्वतःचाही राग येतो, पण तिच्यापेक्षा कमी.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला.

"घरी राह्यला," आत्या म्हणाली.

"केलीच नाही," मी म्हणाले. ऑपरेशन थांबलं.

सोनोग्राफीत थायरॉइडच्या जागी काहीच दिसेना. मग शिरेत औषध टोचून मला मोठ्या कॅमेऱ्याखाली निजवलं. फिल्मवर सगळा गळा कोरा आणि हनुवटीखाली एकच काळा ठिपका. जन्माआधी खाली गळ्यात उतरायची ती थायरॉइडची ग्रंथी वरच अडकली होती, तीच ही गाठ. माझ्याकडे होती तेवढीच. ती काढली असती, तर जन्मभर गोळ्यांवर जगावं लागलं असतं.

आत्या माफी मागेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "देवानं वाचवलं बघ." या आत्याला सोडायची नाही, हे मी तिथेच ठरवलं.

देवळालीची माणसं बोलणी करायला आली. मुलाच्या आईने गाठीचं विचारलं. "काही नाय, आपोआप जिरंल," आत्याने ठोकून दिलं. मी आतून फिल्म आणली, खिडकीच्या उजेडात धरली आणि सगळं सांगितलं. गाठ राहणार हे सांगितलं, आणि रांगेत बसायची लाज वाटून कोण खोटं बोललं तेही. आत्या पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला मुळीच वाईट वाटलं नाही. बरं वाटलं, फार बरं.

स्थळ मोडलं. त्यानंतर आत्या जिथे जिथे स्थळ घेऊन गेली, तिथे तिथे मी आधी फोन करून तिचं खोटं सांगितलं. आता तिला कुणी बोलावत नाही.

परवा ती दारात आली. "आता तरी पुरं कर गं," म्हणाली. मी तिला चहाही विचारला नाही.