विसावी स्कूटर

संतपूरची प्रेरणा बीदरच्या एका फायनान्स कंपनीतर्फे स्कूटरसाठी कर्जं द्यायची. नियम साधा होता: महिन्यात वीस कर्जं झाली की पगाराएवढा बोनस. घेणारा पुढं हप्ते भरतो का, हे बघायचं काम तिचं नव्हतं. दसऱ्याच्या महिन्यात तर तिला पंखच फुटले. सही झाली की टाळी वाजवायची आणि पुढचं गाव गाठायची. शेवटच्या दिवसापर्यंत एकोणीस झाली होती.

विसावे सापडले शेजारचे गुंडेरावअप्पा.

"पोरी, मला चालवायला येत न्हाई."

"शिकताव की, अप्पा! कामून भ्यायलाव?"

अप्पांनी सही केली. प्रेरणानं गल्लीभर पेढे वाटले.

चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. फार कर्जं थकायला लागल्यानं नियम बदलला होता. आता ज्या कर्जाचे वर्षभराचे हप्ते वेळेवर येतील, त्याचाच बोनस. दसऱ्याची कर्जंही त्यात धरलेली. प्रेरणा धावतच अप्पांकडं गेली. कोऱ्या स्कूटरवर कोंबडी बसली होती. अप्पा एकदाच चालवायला बसले, ते थेट कडब्याच्या गंजीत शिरले. त्यानंतर त्यांनी किल्लीला हात लावला नव्हता.

"मी शिकू का?" त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, चुलीपासून विचारलं.

सुशीलाबाईंच्या कडक भाकरीचं गावात नाव होतं, आणि औरादच्या खानावळींना अशा भाकरी कमी पडतात हे प्रेरणाला माहीत होतं. दुसऱ्या सकाळीच दोघी शाळेच्या मैदानावर. सुशीलाबाई पदर खोचून पुढं, प्रेरणा मागून पळतेय.

"ब्रेक, अक्का, ब्रेक!"

"गप ग! मजा यायलीय मला!"

आठवड्यानं दोघी औरादच्या रस्त्याला लागल्या. शंभर भाकरींचा डबा पायाशी, मागच्या सीटवर प्रेरणा, आणि वाऱ्यानं दोघींना हसू आवरेना. दुपारच्या आत डबा रिकामा झाला.

वर्ष सरलं तेव्हा वीसपैकी नऊ कर्जं थकली होती. अप्पांचा मात्र एकही हप्ता चुकला नव्हता. आता प्रेरणा सहीआधी विचारायची, "गाडी घेऊन करणार काय?" कुणाला समजावून परतही पाठवायची.

एका सकाळी सुशीलाबाईच तिच्या ऑफिसात आल्या. "मला मालवाहू रिक्षा पाहिजे."

प्रेरणानं तासभर प्रश्न विचारले. प्रत्येकाला उत्तर तयार होतं. शेवटी तिनं फॉर्म पुढं केला आणि त्यांना घट्ट मिठी मारली.