कॅप्टनच्या कोटाची शहानिशा

माळशिरसच्या आमच्या घरात आजोबांचा एक जुना फोटो आहे. अंगात फौजी कोट, खांद्यावर कॅप्टनच्या तीन चांदण्या आणि रुबाब असा, की पाहुणा चहाआधी तोच बघतो. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, चुलतभाऊ ज्ञानूकाका मात्र दर लग्नात चारचौघांत म्हणायचे, "मेंढरं राखणाऱ्याचं पोर कुटलं कॅप्टन? इस्टुडिओचा कोट हाय त्यो." आजोबांचे कागद कधीच वाळवीनं खाल्लेले, त्यामुळे आबांना गप्प बसावं लागायचं. यंदा मात्र ते म्हणाले, "खोटा निघाला तर फोटो मीच उतरवीन. पोरी, सोलापूरला चल." फोटोमागं तिथल्याच स्टुडिओचा शिक्का होता.

सकाळी सातला गाडी काढली. अकलूज, टेंभुर्णी आणि मग हायवे. उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास गेला. हंगामात जाणार असाल तर तेवढा वेळ धरूनच निघा. मोहोळला चहा झाला. आबांनी फोटो वाटभर मांडीवर धरला होता.

स्टुडिओ शहराच्या पूर्व भागात आहे. गल्ली अरुंद, गाडी चौकातच लावा. आता तिथं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स चालतं. मालक व्यंकटेशमामा सत्तरीचे. त्यांनी आत तेलुगूत चहा सांगितला आणि फोटो हातात घेतला.

"फौजी कोट व्हय? आमच्याकडं होता की. लोकं हौसेनं घालायचे." आणि आतून खरंच एक कोट आणून टेबलावर ठेवला.

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, कशाला आणलं मी म्हाताऱ्या माणसाला इतक्या लांब?

"बास. चल," आबा उठले.

"थांबा की ओ मालक, घाई काय?" मामांनी जुना अल्बम उघडला आणि आबांच्या हातात भिंग दिलं. "आमच्या कोटाच्या खांद्यावर काय बी न्हाई. फोटो धुऊन झाला की आमचे वडील ब्रशनं चांदण्या काढून द्यायचे. ह्या बघा, सपाट हायत. आता तुमच्या बघा. एकेका चांदणीखाली सावली पडलीय. धातूच्या हायत त्या."

आबांनी तीनदा बघितलं.

मामा पुढची पानं उलटत म्हणाले, "ह्यो चेहरा मी आणखी कुटंतरी बघितलाय." सापडला. कलेक्टरच्या बंगल्यावरचं चहापान. गिरणीमालक, डॉक्टर, मोत्यांच्या माळा घातलेल्या त्यांच्या बायका, मधोमध आजोबा आणि शेजारच्या खुर्चीत नऊवारीतली, कपाळभर कुंकू लावलेली माझी आजी. खाली पांढऱ्या शाईनं लिहिलेलं: कॅप्टन आणि सौ. मी भर दुकानात टाळ्या वाजवल्या. लाज कसली त्यात?

मामांनी त्याची मोठी कॉपी काढून दिली. मग स्टँडजवळ कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी. दीडशेत पोट फुटेस्तोवर जेवण होतं. दातांची तक्रार करणाऱ्या आबांनी दोन भाकऱ्या मोडल्या आणि वाढप्यालासुद्धा फोटो दाखवला.

घरी आल्यावर आबांनी ज्ञानूकाकांना मुद्दाम चहाला बोलावलं. काकांनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ न्याहाळला. खालच्या पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शेवटी हळूच म्हणाले, "काकू खुर्चीवर बसलीया. जन्मात कदी बसलेली बघितली न्हाई मी तिला."

आबांनी बशी पुढं सरकवली. "मग? कॅप्टनची बायको कुटं बसंल?"