पोलिसांविना गल्ली, रविवारी रस्सा

मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "ह्यात न्याय कमी आन् जेवण जास्त हुणार!" कुणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईवर कोण ठेवतंय? आता आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीचे इतके किस्से साठलेत, की माझ्या खानावळीत जेवायला येणारी पोरं आमटीच्या आधी किस्सा मागतात.

सुरुवात केली कॉलेजातून रिटायर झालेल्या सरांनी. पार्किंगच्या भांडणात दोन घरं दिवसभर पोलीस स्टेशनात बाकड्यावर बसून आली होती. सर म्हणाले, "पोलीस ही व्यवस्थाच रद्द केली पाहिजे. समाज आपली शिस्त आपण राखतो." टाळ्या! लगेच तीन पंच नेमले, अध्यक्ष तालमीचे रंगाभाऊ. जेल नाही, काही नाही. दोषी माणसानं रविवारी गल्लीला तांबडा-पांढरा रस्सा करून घालायचा आणि त्याचं नाव तालमीच्या फळ्यावर लागायचं.

सर म्हणाले, "ह्याला सुधारणा म्हणतात."

आम्ही मटण म्हणतो!

* * *

पहिला दोषी सर्जेराव. शेजाऱ्याच्या दारात स्कूटर लावली म्हणून. बायको माहेरी, त्यामुळं रस्सा त्यानं स्वतःच केला. रंगाभाऊंनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

पुढच्या महिन्यात ह्याच सर्जेरावनं भर चौकात शेजाऱ्याच्या कानाखाली काढली. अख्ख्या गल्लीनं बघितलं. निकाल? निर्दोष!

शेजारी गाल धरून ओरडला, "आन् ह्ये काय हाय मग?"

"दिसतंय की," रंगाभाऊ म्हणाले. "पर त्याच्या हाताला चवच न्हाय!"

* * *

चौगुले काका जैन. गाडी मागं घेताना त्यांनी गल्लीतला नळ मोडला. पाणीच पाणी! पंच विचारात पडले. ह्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही, मटण कुठलं शिजायला? मग दोषी कोण? नळाला घागर लावून उभी असलेली काशीबाई!

चौगुले काका बिचारे उठून उभे राहिले. "अहो, चूक माझी हाय."

"काका, खाली बसा," रंगाभाऊ म्हणाले. "न्यायात ढवळाढवळ नको."

* * *

एकदा बाहेरगावच्या दोन पावण्यांच्या गाड्या गल्लीत एकमेकींना घासल्या. शिवीगाळ सुरू. सर पुढं गेले. "आपण संवाद करू या!" तोवर भांडणाऱ्या दोघांची एकी झाली आणि दोघांनी मिळून सरांना ढकललं. सर घरात, दाराला कडी, आणि एकशेबाराला फोन!

जीप आल्यावर मी विचारलं, "सर, पोलीस रद्द केलेसा न्हवं?"

कोपर चोळत म्हणाले, "मी त्यांना नागरिक म्हणून बोलावलंय."

* * *

आणि मग माझा भरलेला सिलिंडर गेला. खानावळीच्या दारातनं, भर सकाळी! पंचवीस पानं बसायची होती दुपारी. गॅस नाही तर जेवण नाही, जेवण नाही तर पोरं दुसरी खानावळ बघतात. ती परत येत नाहीत.

घरोघरी शिरून बघितलं. सापडला. रंगाभाऊंच्या स्वयंपाकघरात, शेगडीला जोडलेला, त्यावर मी लाल रंगानं लिहिलेलं 'मंगल' तसंच!

रंगाभाऊ चहा पीत होते. "मंगलाक्का, आमचा संपला हुता. सांगणारच हुतो तुमास्नी."

मी म्हटलं, "मी पोलिसात जाते."

सर आडवे आले. "मंगलताई, तुमचा समाजावर विश्वास नाही?"

बसले बाई पंचांपुढं. पंचांत रंगाभाऊ धरूनच तिघं. सरांनी विचारलं, "अध्यक्षांनी उठायला नको का?" रंगाभाऊ म्हणाले, "मी उठलो तर निकाल कोण देणार?" सरांना पटलं!

तिघांनी डोकी जवळ घेतली. कुजबुज मला ऐकू येत होती. त्यात सिलिंडर एकदाच आला, पांढरा रस्सा चार वेळा.

मग रंगाभाऊ उभे राहिले. "भरलेला सिलिंडर उघड्यावर ठिवून एका चांगल्या माणसाला मोहात पाडलं. गुन्हा शाबीत!"

"आन् रस्सा कशावर शिजवू? तुमच्या डोक्यावर?"

"असं कसं, आक्का! माझा सिलिंडर घेऊन जावा की!"

सरांनी खडू उचलला आणि सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिलं — दोषी: मंगल सुतार.